लक्ष्मीबाई तिथं नव्हत्या

१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची बायको लक्ष्मीबाई तिथं नव्हती.

टिळकांची बाजू पुष्कळदा सांगितली जाते. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती बायबल दिलं, मग वाचन, शंका, शेवटी निर्णय. चित्पावन ब्राह्मणानं ख्रिस्ती होणं म्हणजे नातलग, जात, पंगत सगळं सुटणं. टिळकांनी ते पत्करलं, आणि त्यात धैर्य होतंच. पण लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं होतं?

नवरा जिवंत, पण त्याच्या घरात पाऊल टाकलं तर जात जाणार. नाही टाकलं तर पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू आणि राहायला नातलगांचं घर. विधवा नाही, पण नांदतीही नाही. अशा बाईचं करायचं काय, हे त्या समाजाला माहीतच नव्हतं.

कायद्याला मात्र माहीत होतं, निदान कायद्याला तसं वाटत होतं. १८५०च्या कायद्यानं धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला. १८६६च्या कायद्यानं त्याला लग्नातून सुटायची वाट दिली: धर्मांतरामुळे जोडीदारानं सलग सहा महिने नांदायला नकार दिला तर कोर्टात जायचं, कोर्ट वर्षभराची मुदत देणार, तरीही नकार असेल तर लग्न रद्द. दावा लावायचा हक्क फक्त धर्म बदललेल्याला! मागं राहिलेल्या बाईनं कोर्टापुढं यायचं ते नकार सांगायला. नंतर दोघंही पुन्हा लग्नाला मोकळे, असं कागदावर होतं. १८९५मध्ये ब्राह्मण घरातली बाई अशी ‘मोकळी’ होऊन जाणार कुठं?

टिळकांनी त्या वाटेनं जायचं टाळलं. माझ्या मते त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट त्या रेल्वेच्या डब्यापेक्षा मोठी आहे.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई परत आल्या, पण ख्रिस्ती होऊन नाही. आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. म्हणजे नवरा हवा, त्याचा धर्म नको, आणि हे त्या अगदी उघडपणे जगत होत्या. पुढं आधी मनातला जातिभेद गेला. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं, आणि त्यानंतर, १९००मध्ये, बाप्तिस्मा.

हे सगळं आपल्याला कळतं ते त्यांच्याच ‘स्मृतिचित्रे’मधून. शाळेत न गेलेल्या बाईनं लिहिलेलं आत्मचरित्र, १९३४पासून प्रसिद्ध होत गेलेलं. मराठी वाचायला वेळ लागत असेल तर शांता गोखल्यांचा इंग्रजी अनुवाद आहे. पण ताटातुटीची प्रकरणं तरी मराठीतच वाचा, हवं तर आजीला फोन लावून तिच्याबरोबर. इतक्या दुःखाच्या दिवसांबद्दल लिहिताना ही बाई मधेच स्वतःला हसते, आणि वाचताना आपल्यालाही हसू येतं. आधी जरा अपराधी वाटतं, मग नाही वाटत.