तारेची पारख

इंग्लंडच्या कोळसाखाणीत मजुराची मजुरी ठरे ती त्याने काढलेल्या कोळशाच्या वजनावर, आणि काटा मात्र मालकाचा. १८६० च्या कायद्याने मजुरांना स्वतःच्या खर्चाने आपला एक माणूस त्या काट्यापाशी उभा करण्याचा हक्क मिळाला. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले, म्हणून कोणतेही यंत्र पाहिले की काटा कोणाच्या हाती, हाच प्रश्न आम्हांला आधी सुचतो. हौशी रेडिओवाले आपली अँटेना व तिची केबल ज्या यंत्राने तपासतात, त्या नेटवर्क अॅनालायझरलाही आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत. त्याचे उत्तर मात्र जुन्या तारायंत्रापासून शोधावे लागते.

त्या कायद्याच्या दोनच वर्षे आधी, १८५८ च्या ऑगस्टमध्ये, आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी तार टाकून झाली. राणी व्हिक्टोरियाचा शंभराहून कमी शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे सोळा तास लागले! कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस हे मूळचे शस्त्रवैद्य. खुणा अंधुक येतात, तर दाब वाढवावा, असा त्यांचा हिशेब. मुळातच सदोष असलेल्या त्या तारेवर त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला आणि काही आठवड्यांतच ती कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन यांचा मार्ग उलटा होता. दाब कमी ठेवा आणि मोजण्याचे साधन नाजूक करा, असे ते म्हणत. आरशाच्या तिरिपीवर सूक्ष्म प्रवाह दाखवणारे त्यांचे यंत्र पुढे सर्वत्र चालले.

परंतु तारेत लहर कशी धावते याचा पुरा हिशेब मांडला तो एका तारवाल्याने. ऑलिव्हर हेविसाइड हा १८५० साली लंडनमध्ये जन्मला. सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. प्रथम डेन्मार्कमध्ये व मग न्यूकॅसलला त्याने तारखात्यात नोकरी केली, १८७४ साली ती सोडली आणि पुन्हा कधीही कुठे धरली नाही. मॅक्सवेलचा जाडजूड ग्रंथ त्याने घरी बसून पचवला. एका वाहकाभोवती दुसरा नळीसारखा बसवण्याची, म्हणजे आजच्या कोएक्सियल केबलची कल्पना त्याच्या १८८० च्या पेटंटात आहे. ‘इंपीडन्स’ हा शब्दही त्याचाच, १८८६ चा. पुढच्याच वर्षी त्याने व त्याचा भाऊ आर्थर याने मिळून टेलिफोनवर एक निबंध लिहिला. आर्थर टपालखात्यात नोकरीला. खात्यातले वरिष्ठ अधिकारी प्रीस यांनी निबंधाला परवानगीच दिली नाही. त्यातले गणित प्रीस यांच्या मताविरुद्ध जात होते, एवढाच त्याचा अपराध. त्याच विचाराच्या वाटेने जाणारे पेटंट १९०० साली अमेरिकेत प्युपिन यांना मिळाले आणि त्यांनी ते मोठ्या किमतीस विकले. हेविसाइडच्या हाती काही लागले नाही. ज्याने काटा घडवला त्यालाच काट्याजवळ उभे राहू दिले नाही, असे आम्ही म्हणतो.

त्याच्या हिशेबाचे सार दोरावरून समजते. दोराचे टोक खुंटीला बांधून हिसका दिला, की लाट खुंटीपर्यंत जाते आणि परत फिरते. केबलचा इंपीडन्स ५० ओम असेल आणि अँटेनाचा तेवढा नसेल, तर लहरीचा काही भाग असाच माघारी येतो. १९३९ साली फिलिप स्मिथ यांनी हे सारे गणित एका वर्तुळाकार आलेखावर बसवले. ते स्वतः हौशी रेडिओवाले होते. १९६७ साली अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्डचा ८४१० हा अॅनालायझर निघाला. तो प्रयोगशाळांचा धनी. सामान्य माणसाने तो लांबूनच पाहायचा. २०१९ च्या सुमारास मात्र जपानातील एका हौशी अभियंत्याने खुल्या ठेवलेल्या आराखड्यावरून तळहाताएवढी यंत्रे निघाली आणि काही हजार रुपयांत घरोघर आली.

हे यंत्र तारेत क्षीण, पण मोजूनमापून घेतलेली लहर सोडते आणि माघारी काय आले ते एकेका फ्रीक्वेन्सीला टिपते. आधी त्याच्या टोकाला मोकळा, मग शॉर्ट केलेला, मग ५० ओमचा तुकडा लावून ते जुळवून घ्यावे लागते, वाण्याने तराजूची पारडी सम करावीत तसे.

तरीही ते फसवू शकते. अँटेना वाईट आणि केबलही सडलेली असेल, तर माघारी येणारी लहर वाटेतच जिरते; आकडा उत्तम दिसतो आणि माणूस खूश होतो. म्हणून केबल वेगळी तपासावी. पलीकडचे टोक अँटेनापासून सोडवून मोकळे ठेवले, तर पाठवलेली जवळजवळ सारी शक्ती परत यायला हवी. तिचा चौथाच भाग आला, तर जाताना निम्मी आणि येताना उरलेल्याची निम्मी केबलने खाल्ली, असा हिशेब. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात गच्चीवरच्या जोडातून पाणी आत शिरते आणि तांब्याच्या जाळीतून खाली उतरत जाते. तशी केबल उन्हात वाळवून सुधारत नाही; बदलावीच लागते, आणि नवा जोड रबरी पट्टीने नीट गुंडाळून घ्यावा लागतो.