दोन मुळांचा वाद

चुलीवरच्या तव्याला बोट लागतें आणि हात मागें येतो. या एवढ्याशा घटनेंत दोन निराळे प्रवास घडतात. बोटाकडून बातमी आंत जाते आणि आंतून आज्ञा बाहेर येते. बातमीची वाट एक व आज्ञेची दुसरी, हें आज शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतें. परंतु हें निश्चित व्हायला १८२२ साल उजाडावें लागलें. आणि त्या निश्चितीपायीं इंग्लंड व फ्रान्स या दोन देशांतील पंडितांत असा कलह माजला, कीं त्याचा निवाडा शंभर वर्षांतही पुरता झाला नाहीं.

मज्जातंतूंविषयींचें कुतूहल मात्र फार जुनें आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोममध्यें गेलेन हा ग्रीक वैद्य विख्यात होता. त्याच्याकडे पॉसेनियस नांवाचा एक विद्वान् आला. त्याची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. इतर वैद्य बोटांनाच लेप लावून थकले होते. गेलेननें खोदून खोदून विचारलें तेव्हां कळलें, कीं हा गृहस्थ रथांतून पडला होता व त्याच्या पाठीला वरच्या बाजूस दगड लागला होता. गेलेननें बोटें सोडून पाठीवर उपचार केले आणि रोगी बरा झाला. दुखणें एका जागीं व त्याचें मूळ दुसऱ्या जागीं असूं शकतें, हें ओळखणारा तो वैद्य खरोखरच मोठा म्हटला पाहिजे. पुढें सतराव्या शतकांत देकार्तनें शरीराला यंत्र मानून मज्जातंतु म्हणजे जणूं नळ्या व त्यांतून वाहणारा सूक्ष्म वायुरूप रस, अशी कल्पना मांडली. कल्पना मोठी डौलदार होती. पण तिला प्रयोगाचा आधार नव्हता.

येथें शरीररचनेची एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. पाठीच्या कण्याच्या पोकळींत पृष्ठरज्जु असतो आणि त्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. यांतील जवळजवळ प्रत्येक तंतु दोन मुळांनीं निघतो. एक मूळ पोटाच्या बाजूस, म्हणजे पुढें. दुसरें पाठीच्या बाजूस, म्हणजे मागें. मागच्या मुळावर एक बारीकशी गांठ असते. मणक्यांतून बाहेर पडतां पडतां दोन्ही मुळें एकत्र येऊन एकच दोरा बनतो. त्यामुळें हातापायांतला तंतु तुटला तर बहुधा संवेदना व हालचाल दोन्ही एकदमच जातात आणि कोणतें काम कोणाचें हें कळत नाहीं. तें कळावयाचें तर कण्याच्या आंत शिरून, मुळें जेथें वेगळीं आहेत तेथेंच शोध केला पाहिजे. शरीररचनाशास्त्रज्ञांना हीं दोन मुळें पूर्वींपासून दिसत होतीं. तीं दोन कां, याचें उत्तर मात्र कोणाजवळ नव्हतें. १८०९ सालीं अलेक्झांडर वॉकर यानें दोघांचीं कामें निराळीं असावींत असा तर्क केला, पण तोही उलटा: पुढचें मूळ संवेदनेचें व मागचें हालचालीचें, असें त्याचें म्हणणें!

चार्ल्स बेल हा एडिंबरोचा. जन्म १७७४ चा. शल्यविद्येंत तो वाकबगार होताच, पण त्याची चित्रकलाही तितकीच पक्की होती. १८१५ सालीं वॉटर्लूच्या लढाईनंतर तो ब्रुसेल्सला धांवून गेला. तेथें त्यानें जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचीं चित्रेंही काढलीं. तीं पाहतांना आजही अंगावर कांटा येतो. अशा या माणसाला जनावरांवर प्रयोग करणें मात्र नकोसें वाटे. पुढचा निबंध प्रयोगांवांचून लिहितां येत नाहीं आणि प्रयोग इतके अप्रिय आहेत कीं ते आपण पुढें ढकलीत आहों, असें त्यानें १८२२ सालीं आपल्या भावाला कळविलें होतें.

याच बेलनें १८११ सालीं मेंदूच्या रचनेविषयीं एक लहानशी पुस्तिका छापून घेतली. प्रती अवघ्या शंभर. आणि त्याही मित्रांना वाटण्यासाठीं. तींत एक प्रयोग सांगितला आहे. मागचें मूळ कापलें तर पाठीचे स्नायु आंचके देत नाहींत; पुढच्या मुळाला सुरीचें टोंक नुसतें लागलें तरी ते तत्काळ आंचके देतात. निरीक्षण अगदीं बरोबर होतें. परंतु त्याचा अर्थ लावतांना बेल चुकला. पुढचीं मुळें मोठ्या मेंदूशीं निगडित, म्हणून संवेदना व हालचाल दोन्ही त्यांच्याकडे. आणि मागचीं लहान मेंदूशीं निगडित, म्हणून शरीराचे आपोआप चालणारे व्यवहार त्यांच्याकडे, असें त्यानें ठरविलें. मागचें मूळ संवेदनेचें आहे, हें वाक्य त्या पुस्तिकेंत कोठेंही नाहीं.

फ्रांस्वा मजांदी हा निराळ्या प्रकृतीचा माणूस होता. सिद्धान्तांचा त्याला तिटकारा. जें हातांनीं करून डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच खरें, असें तो मानी. १८२२ सालीं त्याच्या हातीं सहा आठवड्यांचीं आठ कुत्र्याचीं पिलें आलीं. पिलांचे मणके कोंवळे असल्यामुळें पृष्ठरज्जूला धक्का न लावतां ते उघडतां येत. त्यानें एका बाजूचीं कमरेकडील मागचीं मुळें कापलीं व जखम शिवून टाकली. पिलाच्या त्या पायाला टोंचलें, चिमटा घेतला, कांहीं कळेना. पाय लुळा पडला असें प्रथम मजांदीलाही वाटलें. पण थोड्या वेळानें तो पाय स्पष्ट हालला! दुसऱ्या पिलावर व मग तिसऱ्यावर त्यानें तेंच करून पाहिलें आणि तेंच घडलें. पुढचीं मुळें कापणें फार अवघड होतें. तेंही त्यानें साधलें. तेव्हां पाय लोळागोळा झाला, परंतु टोंचलें तर वेदना कळत होती. शेवटीं त्यानें कुचल्याचें विष देऊन पाहिलें. सर्व अंग आंचक्यांनीं ताठलें. ज्या पायाचीं पुढचीं मुळें कापलेलीं होतीं तेवढाच सैल राहिला.

हा निष्कर्ष छापून येतांच बेलचा मेहुणा जॉन शॉ यानें १८११ ची पुस्तिका मजांदीकडे धाडून दिली. मजांदीनें मोकळेपणानें मान्य केलें, कीं बेल या शोधाच्या अगदीं जवळ पोंचला होता. मात्र प्रयोगानें तो सिद्ध केला तो आपण. बेलच्या पक्षाला एवढें पुरेसें वाटलें नाहीं. १८२४ सालीं बेलनें आपले पूर्वींचे निबंध एकत्र करून पुन्हां छापले, आणि त्यांतील मजकूर जागोजागीं असा बदलला कीं नवें ज्ञान त्याला आधींपासूनच होतें असें वाटावें. बदल केल्याचें त्यानें प्रांजळपणें सांगितलें असतें तर त्याची थोरवी कांहीं उणी झाली नसती. तसें त्यानें केलें नाहीं, हा त्याच्या चरित्रावरील डाग होय. पुढें १९७४ सालीं पॉल क्रेनफील्ड यानें दोन्ही पक्षांचे मूळ लेख एका ग्रंथांत छापले. ते शेजारीं शेजारीं ठेवून वाचले म्हणजे मजांदीचा दावा बळकट ठरतो.

परंतु त्या काळीं इंग्लंडांत मजांदीविरुद्ध दुसरेंही कारण होतें, आणि तें खोटें नव्हतें. भूल देण्याचा ईथर १८४६ सालीं आला. त्यापूर्वींचे हे सारे प्रयोग जाग्या जनावरांवर झाले. १८२४ सालीं मजांदीनें लंडनमध्यें प्रयोग करून दाखविले, तेव्हां लोक संतापले. आणि पुढच्याच वर्षीं रिचर्ड मार्टिन यानें पार्लमेंटांत त्याचा जाहीर धिक्कार केला. मजांदीची सत्यनिष्ठा आणि त्याचें काठिण्य एकाच माणसांत नांदत होतें. त्यांतलें एक घेऊन दुसरें झांकून ठेवणें इतिहासाला शोभणार नाहीं. १८३१ सालीं जर्मनींत योहानेस म्युलर यानें बेडकांवर हाच प्रयोग केला. बेडकाचीं हीं मुळें लांब असल्यानें प्रयोग सोपा झाला व फळ इतकें निःसंदिग्ध मिळालें, कीं मग शंका उरली नाहीं. नियमाला आज बेल व मजांदी या दोघांचेंही नांव आहे.

त्याचा प्रत्यय रोग्यांतही येतो. पोलिओच्या विषाणूनें पृष्ठरज्जूच्या पुढच्या भागांतील पेशी मारल्या, कीं मुलाचा पाय लुळा पडतो. पण त्या पायाला स्पर्श, थंडी, टोंचणी सारें कळतें.

मात्र दोन वाटा वेगळ्या ठरल्या म्हणून दोन्ही व्यवहार एकमेकांवांचून चालतात असें नाहीं. १८९५ सालीं मॉट आणि शेरिंग्टन यांनीं माकडाच्या एका हाताचीं मागचीं मुळें कापलीं. हालचालीचे तंतु शाबूत असूनही माकड तो हात वापरीनासें झालें. आणि हें मर्म बेलनें फार पूर्वींच हेरलें होतें, हें त्याच्या पदरांत घातलेंच पाहिजे. हातावर त्यानें १८३३ सालीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत एका आईची हकीकत आहे. तिच्या एका बाजूची शक्ति गेली होती आणि दुसऱ्या बाजूची संवेदना. ज्या हातांत शक्ति होती त्या हातानें ती तान्ह्या मुलाला छातीशीं धरूं शके. पण मुलाकडे पाहत असे तोंवरच. नजर दुसरीकडे वळली, कीं हाताची पकड हळूहळू सैल होई, आणि मूल पडावयाच्या बेतांत येई.