राजीनाम्यातला 'राजी'

आज एका कागदापासून सुरुवात करतो. गोष्ट १९९० नंतरच्या दशकातली. मी नुकताच बी. ए. झालो होतो आणि रोज सकाळी वर्तमानपत्रातला 'पाहिजेत' हा रकाना चाळत होतो. अब्बा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा तो मोठा संप सुरू झाला, तेव्हा मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. अब्बा गेले, पण गिरणीचा जीव गेलेला होता. एका संध्याकाळी ते घडी घातलेला कागद घेऊन घरी आले आणि म्हणाले, "तू शिकलायस ना, वाच."

कागद इंग्रजीत होता. मी वाचत गेलो, 'व्हॉलंटरी' या शब्दाशी थांबलो. म्हटलं, "अब्बा, तुम्ही आपल्या खुशीनं नोकरी सोडताय, असं लिहिलंय. मराठीत याला राजीनामा म्हणतात."

अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "यात राजी कोण आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. न करून करणार काय? पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, आणि मला शब्दकोश उघडायची सवय लागली ती तेव्हापासून.

'राजी' हा अरबी शब्द, 'नामा' फारसी. राजीनामा म्हणजे मुळात संमतीचा कागद. उर्दूत आजही राजीनामा म्हणजे दोन पक्षांमधली तडजोड. नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा. मग मराठीत हा अर्थ कुठून आला? मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात शेतकरी आपली जमीन सोडताना जो कागद लिहून देई त्याला राजीनामा म्हणत, आणि नवा माणूस ती घेताना लिहून देई ती कबुलायत. जमीन सोडण्याचा शब्द आणि नोकरी सोडण्याचा शब्द असा एकच. आणखी गंमत म्हणजे आपण साहेबाकडे मागतो ती 'रजा' याच कुळातली आहे. रजा म्हणजेही मर्जी, संमती. दोन दिवस सुटका असो की कायमची, कागदावर कुणीतरी राजी असावंच लागतं.

आता इंग्रजीकडे वळू. धंदा-नोकरीचे इंग्रजी शब्द आपल्याला फार रुबाबदार वाटतात. पण त्यांचं मूळ शोधत गेलं की तिथंही मीठ-भाकर आणि पायवाटच भेटते. 'सॅलरी' हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याच्या पोटात 'साल' म्हणजे मीठ आहे. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपणही म्हणतो. 'कंपनी' या शब्दात 'पानिस' म्हणजे भाकर आहे. एका भाकरीचे वाटेकरी ते कंपनी. ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनच्या व्यापाऱ्यांना राणी एलिझाबेथनं सनद दिली आणि ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. या भाकरीत आपण वाटेकरी नव्हतो, हे पुढं दीडशे-दोनशे वर्षांत चांगलंच कळलं.

'फॅक्टरी' म्हटलं की आज चिमणी आणि भोंगा आठवतो. पण सतराव्या शतकात इंग्रजांनी सुरतेला जी फॅक्टरी काढली तिथं एकही यंत्र नव्हतं. ती वखार होती. 'फॅक्टर' म्हणजे व्यापाऱ्याचा मुनीम, आणि तो जिथं बसे ती फॅक्टरी. यंत्रं आली तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ कारखाना झाला. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तोवर हा बदल होऊन गेला होता.

'ट्रेड' म्हणजे मूळची वाट. त्यातही जहाजाची ठरलेली वाट. म्हणूनच समुद्रावर एकाच दिशेनं सतत वाहणाऱ्या वाऱ्यांना 'ट्रेड विंड्स' म्हणू लागले. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ते 'व्यापारी वारे' झाले. खरं तर त्या नावात व्यापार नव्हता, वाट होती. पण भाषांतर करणाऱ्याच्या काळात ट्रेड म्हणजे व्यापार हाच अर्थ पक्का झालेला होता, तर त्याचा तरी काय दोष?

जाहिरातीचंही तसंच. 'ॲडव्हर्टाइज' या शब्दाच्या मुळाशी 'लक्ष वळवणं' आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत 'ॲडव्हर्टाइजमेंट' म्हणजे सूचना, इशारा, खबर. विकण्याचा अर्थ नंतर चिकटला. १७८० मध्ये कलकत्त्यात हिकीनं भारतातलं पहिलं वर्तमानपत्र काढलं, त्याच्या पूर्ण नावातच 'जनरल ॲडव्हर्टायझर' हे शब्द होते. आपली 'जाहिरात' अरबी 'जाहिर'वरून आली. जाहिर म्हणजे उघड. ते लक्ष वळवतात, आम्ही उघड करतो. निदान शब्दात तरी.

'एम्प्लॉय' हा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याचं लॅटिन मूळ 'इम्प्लिकारे', म्हणजे गुंतवणं, गुरफटणं. नोकरी लागली की माणूस गुंततो, हे कुणी वेगळं सांगायला नको. आणि 'स्ट्राइक'? १७६८ मध्ये लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवली. शिड उतरवणं याला इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणत. काम थांबवण्याला तोच शब्द मिळाला. आपला 'संप' मात्र एकोप्यातून आलेला दिसतो. गुजरातीत आजही संप म्हणजे एकी. त्यांना काम थांबल्याचं महत्त्व, आपल्याला एकत्र आल्याचं.

मराठीनं हे सगळं सामान एका दुकानातून घेतलेलं नाही. 'पगार' आणि 'लिलाव' पोर्तुगिजांकडून आले. दुकान, बाजार, नोकरी फारसीतून. दलाल आणि वशिला अरबीतून. 'उमेदवार' म्हणजे जो उमेद धरून आहे तो. 'बेकार' म्हणजे ज्याला काम नाही तो. पुढं मराठीत 'वाईट, टाकाऊ' यालाही बेकार म्हणू लागले. एका बेकाराच्या घरात राहिलेल्या माणसाला हे अर्थांतर काय बोचतं, ते मी जाणतो. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' केला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मोठं काम होतं ते. तरी बाजारातल्या माणसानं आपल्या तोंडी बसलेले शब्द टाकले नाहीत. गिरणगावात तर मुकादम, जॉबर, मस्टर, बदली, खाडा, पाळी हे सगळे एका चाळीत राहावेत तसे राहिले. कोण कुठल्या मुलखाचा, हे कुणी विचारलं नाही. मला, मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमान माणसाला, त्या चाळीत कधी परकं वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, शब्दांची कुळं शोधून पोट भरतं का? भरत नाही. पण शब्द नीट न कळल्यानं पोटावर पाय येतो, हे मी पाहिलं आहे. माझ्या शेजारचा एक मुलगा मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोचवतो. मध्ये तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. करार इंग्रजीत होता. त्यात त्याला नोकर म्हटलं नव्हतं, कामगार म्हटलं नव्हतं. 'पार्टनर' म्हटलं होतं. अशा कामाची दखल घ्यायला सरकारलाही २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग वर्कर' आणि 'प्लॅटफॉर्म वर्कर' हे शब्द आणावे लागले. कायद्यात आधी त्यांना नावच नव्हतं.

त्यानं विचारलं, "चाचा, पार्टनर म्हणजे?"

मी म्हटलं, "बेटा, मुळात याचा अर्थ वाटेकरी."

तो हसला. म्हणाला, "पेट्रोल माझं, गाडी माझी, पाय मोडला तर दवाखाना माझा. मग वाटा कशात आहे?"

मला एकदम अब्बा आठवले. मधल्या काळात गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, कागदाच्या जागी मोबाइल आला. प्रश्न मात्र त्याच घरातला होता. या खेपेला मी गप्प बसलो नाही. चष्मा लावला, त्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "सही करायच्या आधी एकेक शब्द वाचू." त्या रात्री आम्हाला दीड तास लागला. अब्बांसाठी मी दहा मिनिटंही दिली नव्हती.