कातारी मंडळी

मराठी समीक्षकांना एखादी कथा आवडली, की ते तिच्या भाषेला ‘कातीव’ म्हणतात. कविता आवडली तरी कातीव, नटीचं नाक आवडलं तरी कातीव. हे विशेषण वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालं आहे, की ते मुळात कुणाच्या मालकीचं, हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. ते आहे कातारी नावाच्या कारागिराचं. लाकूड, शिंग किंवा हस्तिदंत गरगर फिरवायचं, त्याला पटाशी लावायची आणि गोल आकार काढायचा, हा त्याचा धंदा. मोल्सवर्थसाहेबाच्या १८५७ सालच्या कोशात कातारी आहे. आपल्या आळीत मात्र तो आता सापडायचा नाही.

‘कातणे’ या एका क्रियापदाने मराठीत दोन संसार केले. एक सुताचा, दुसरा लाकडाचा. सूत कातणाऱ्यांना महात्मा मिळाला, १९३१ सालच्या झेंड्यावर चरख्याला जागा मिळाली. लाकूड कातणाऱ्यांना समीक्षक मिळाले. नशीब नशीब म्हणतात ते हेच.

आता हे सगळं मला का सुचावं? तर मी त्यातलाच एक. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, ज्येष्ठ नागरिक संघात भाषणं ऐकतात, मी गॅलरीत एक छोटा लेथ मांडून लाकूड कातत बसतो. “लाकूड कातणाऱ्यांच्या मेळाव्याला कोलशेतला चाललोय,” असं मी शेजारी सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगंबाई, कातकऱ्यांसाठी काम करता होय? छान हो!” कात तयार करणारे ते कातकरी आणि लाकूड कातणारे ते कातारी, हा फरक मी समजावून सांगेपर्यंत त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. समोरचे जोशी म्हणाले, “सूतकताई अजून चालते वाटतं?” आमच्या सौभाग्यवतींनी एवढंच सांगितलं, “जा, पण भुसा तिथेच झटकून या.”

कोरोनाच्या आधी आम्ही दरवर्षी जमायचो. मग जे खंडलं ते खंडलंच. कुणाचा फोन बदलला, कुणाचे गुडघे बदलले. दोघेजण तर कायमचेच गेले. त्यामुळे या खेपेला पुन्हा जमायचं ठरलं तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर असे चहूकडून मिळून आम्ही नऊजण निघालो. आता नऊ माणसांना मेळावा म्हणावं का, असं तुम्ही विचाराल. पण लग्नाच्या पंगतीत नऊजण म्हणजे काहीच नव्हे, आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये चार लेथांभोवती नऊजण म्हणजे कुंभमेळा.

कोलशेत ही जागाही मोठी गमतीची. एका अंगाला खाडी, जिथल्या बंदरावर रेती उतरायची. दुसऱ्या अंगाला एकेकाळी कारखाने. सँडोज या स्विस कंपनीचा रंगरसायनांचा कारखाना इथलाच. १९९५ साली त्या कंपनीचा रसायन विभाग वेगळा होऊन क्लॅरियंट झाला, पुढे कारखानाही गेला आणि त्या जमिनीवर टोलेजंग इमारती आल्या. पत्त्यात मात्र ‘सँडोज बाग’ राहिली. कातारी गेला आणि कातीव राहिलं, तशातलाच हा प्रकार. माणसं आणि धंदे उठून जातात, शब्द भाडं न भरता जागा धरून बसतात.

आमच्या एका मित्राची शेड या रस्त्याच्या आतल्या बाजूला अजून टिकून आहे. तिथे शिरल्याबरोबर सागाच्या भुशाचा वास आला आणि चार वर्षं पुसली गेली. कल्याणचे दंतवैद्य आधीच हजर होते. दिवसभर दाढा पोखरायच्या आणि रात्री बाभळीचे वाडगे पोखरायचे, असा त्यांचा दिनक्रम. लाकूड कळवळत नाही, ही त्यांच्या मते या छंदाची सर्वांत मोठी सोय. नौपाड्याच्या निवृत्त शिक्षिका बाई होत्या, बदलापूरचा एक पोरगा होता, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर डोंबिवलीचे टर्नरकाका.

लेथ हे यंत्र किती जुनं? इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या एका बड्या पुजाऱ्याचं थडगं आहे, इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराचं. त्याच्या भिंतीवर दोन माणसं कोरली आहेत. एकजण दोरी ओढून वस्तू फिरवतोय, दुसरा तिला हत्यार लावतोय. आपला कातारीही पिढ्यान् पिढ्या असाच जमिनीवर बसून दोरीने किंवा कामठ्याने लाकूड फिरवायचा. यात एक मेख अशी, की दोरी एकदा इकडे ओढली की लाकूड सुलट फिरतं, तिकडे सोडली की उलट. कापलं जातं ते फक्त सुलट फेऱ्यात. म्हणजे अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ काम केल्यासारखं फिरणं. आमच्या दंतवैद्यांच्या मते कचेऱ्यांची कार्यपद्धती इथूनच घेतलेली आहे.

पण या गरीब कारागिराच्या यंत्राचं वेड राजेरजवाड्यांनाही लागलं. रशियाचा बादशहा पीटर, तोच तो, ज्याने सरदारांच्या दाढ्या कापवल्या, लाकूड आणि हस्तिदंत कातण्यात रमायचा. त्यासाठी त्याने अंद्रेई नार्तोव नावाचा खास माणूस पदरी ठेवला होता. फ्रान्सच्या चार्ल्स प्लुमिए या साधूने १७०१ साली या कलेवर सबंध ग्रंथ लिहिला. साधुबुवा वनस्पतिशास्त्रज्ञही होते. आपल्या देवळापुढच्या पांढऱ्या चाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते यांच्यावरून. ही हकीकत मी मेळाव्यात सांगितली तेव्हा बाई म्हणाल्या, “म्हणजे देवाला फूल वाहताना तुम्हीच आठवणार आता!” लंडनमध्ये होल्टझाप्फेल घराण्याने हौशी उमरावांसाठी असे नक्षीदार लेथ बनवले, की त्यांच्यापुढे आमचे लेथ म्हणजे शेवेचे सोरे.

पुढे १८००च्या सुमारास हेन्री मॉडस्ले या इंग्रजाने लेथवर पटाशी माणसाच्या हातातून काढून लोखंडी पकडीत बसवली आणि हव्या त्या मापाचे अचूक आटे पाडून दाखवले. त्या दिवसापासून लेथ यंत्रांची आई झाला. आपल्याकडे किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ बनवले. तो कारखानाही पुढे बंद पडला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्याची वागळे इस्टेट भरभराटीला आली. आयटीआयमधून टर्नर होऊन निघालेली पोरं सकाळच्या लोकलने ठाण्याला उतरू लागली. त्यांपैकी एक आमचे काका.

काकांनी पस्तीस वर्षं लोखंड कातलं. मग संगणकावर चालणारे लेथ आले. ते चहा पीत नाहीत आणि संपावरही जात नाहीत. कारखान्याने काकांना शाल, नारळ आणि घड्याळ दिलं. वेळ बघायची गरज संपली, की माणसाला घड्याळ देतात. काका घरी बसले आणि वर्षभरात त्यांनी लाकूड हातात घेतलं. म्हणजे पाहा, कातारी लाकडावर होता, त्याचं यंत्र लोखंडावर गेलं, लोखंडाने माणसाला हाकललं, आणि माणूस पुन्हा लाकडावर आला. फेरा पुरा झाला, फक्त त्याला दोन हजार तीनशे वर्षं लागली.

दुपारी बाईंनी लाखेचा प्रयोग केला. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं तुम्ही पाहिलीच असतील. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पूर्वी ती हटकून असत, आणि पाहुण्यांच्या मुलाने एकदा तरी त्यातल्या पेरूला दात लावलेला असे. हलकं, मऊ पांगाऱ्याचं लाकूड त्यासाठी वापरतात. बाईंनी लेथ सुरू केला आणि रंगीत लाखेची कांडी फिरत्या भोवऱ्याला टेकवली. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरत गेली, लाल, मग पिवळी, मग हिरवी. चन्नपट्टणचे कारागीर यावर केवड्याचं पान घासून चमक आणतात. बाईंनीही तसंच पान आणलं होतं. सावंतवाडीची ही कला राजवाड्याने १९७०च्या दशकात हात दिला म्हणून सावरली. “पण वाड्याने हात दिला तरी शिकायला पोरं यावी लागतात,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं वर्गात हेच पाहिलं मी.”

यावर सगळ्यांच्या नजरा आपोआप बदलापूरच्या पोराकडे गेल्या.

पोरगा हुशार. सगळं यूट्यूबवर पाहून शिकलेला. कॅनडातले, इंग्लंडातले, जपानमधले उस्ताद त्याला नावानिशी ठाऊक. त्याने शिसवीचा तुकडा लावला, पटाशी धरली, आणि फाट्दिशी पटाशी अडकून तुकडा पत्र्यावर आदळला. दंतवैद्य टेबलाखाली गेले. पोराने दुसरा तुकडा लावला. तोही उडाला.

काका स्टुलावरून उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हाताला हल्ली कंप. पोराच्या मागे जाऊन त्यांनी त्याच्या कोपराखाली आपला तळवा ठेवला.

“हात नको हलवू, बाळा. कंबर हलव. आधी पटाशी टेकणावर टेकव. मग तिची पाठ लाकडाला लाव. नुसती घासू दे. आता मूठ जराशी उचल. सूतभर.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण काकांनी म्हटलं ते सूत कुठल्याच पट्टीवर नव्हतं. शिसवीची लांबच लांब, काळीभोर, कुरळी साल पटाशीवरून निघून पोराच्या मनगटावर लोळायला लागली. शेडमध्ये कुणी बोलेना. थरथरता हात पोराच्या कोपराखाली होता, आणि कोपर मात्र जराही हलत नव्हतं.

प्लुमिएच्या ग्रंथात हे नाही. यूट्यूबवर दिसतं, पण कोपराला लागत नाही. पेटोसिरिसच्या भिंतीवरही माणसं दोन आहेत, एक नाही, हे मला इतकी वर्षं वाचूनही त्या दुपारीच नीट दिसलं.

संध्याकाळी निघताना काकांनी आपली तेल लावून कापडात गुंडाळलेली सात हत्यारं पोराच्या पिशवीत टाकली. तो नको नको म्हणत राहिला. “अरे, घरी ठेवून काय करू? सून त्याने नारळ फोडते,” काका म्हणाले. “धार मात्र माझ्याकडे येऊन लावायची. आठवड्याला एकदा. डोंबिवलीला उतरलास की फोन कर.”

पोराने वाकून नमस्कार केला. काकांनी बसकडे पाहत चपला चढवल्या आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी असलो तर भेटू.”

“असणारच,” दंतवैद्य म्हणाले, “मी परवाच तुमच्या कवळीला दहा वर्षांची गॅरंटी दिली आहे.”