कोंबडी धुवायची कशानं? एका व्यापारी भांडणाची हकिगत



सोललेली कोंबडी कशानं धुवायची, या एवढ्याशा प्रश्नावरून अमेरिका आणि युरोप १९९७ सालापासून भांडत आहेत, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. पण या भांडणाचा आपल्या शेडमधल्या रोजच्या कामाशी जवळचा संबंध आहे. म्हणून ही हकिगत थोडक्यात देत आहोत.

पहिलं भांडण जकातीचं

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ब्रॉयलरचा धंदा कारखान्यासारखा वाढला. कोंबडी स्वस्त झाली आणि गोठवून पश्चिम जर्मनीत जाऊ लागली. तिथल्या कोंबडीपालकांना हा भाव परवडेना. १९६२ साली युरोपच्या सहा देशांच्या सामायिक बाजारपेठेनं आयात कोंबडीवरची जकात वाढवली. अमेरिकेची विक्री घटली. उत्तर म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलक्या मालमोटारी यांवर जादा जकात बसवली. मालमोटारींवरची २५ टक्के जकात तेव्हापासून टिकून राहिली. भांडण कोंबडीचं आणि भुर्दंड मालमोटारीला!

जकात उघड दिसते. किती टक्के, ते आकड्यात सांगता येतं आणि वाटाघाटी करून कमीजास्त करता येतं. आरोग्याच्या नियमाचं तसं नसतं. तो नियम खरोखर खाणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे की आपल्या उत्पादकाला आडोसा देण्यासाठी, हे ठरवणं कठीण जातं.

दुसरं भांडण धुण्याचं

कत्तलखान्यात पक्षी गरम पाण्यात बुडवतात, यंत्रानं पिसं काढतात, मग आतडी काढतात. आतडं फाटलं की विष्ठा मांसाला लागते. त्या विष्ठेत सालमोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. पक्षी वरून ठणठणीत दिसतो, पण कच्चं राहिलेलं मांस पोटात गेलं तर माणसाला जुलाब आणि ताप होतो.

अमेरिकेत सोललेले पक्षी थंड पाण्याच्या टाकीत घालून गार करतात. एका पक्ष्याची घाण दुसऱ्याला लागू नये म्हणून पाण्यात क्लोरीन घालण्याची पद्धत पडली. दहा लाख भाग पाण्याला ५० भागांपर्यंत क्लोरीन तिथं चालतं. युरोपात बहुतेक ठिकाणी थंड हवेनं गार करतात. १९९७ पासून युरोपीय संघानं, पक्षी धुवायला पाण्याखेरीज काही वापरलेलं चालणार नाही, असा नियम लावला. अमेरिकेची कोंबडी तिथं बंद झाली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. क्लोरीन विषारी आहे म्हणून ही बंदी, असं बरेच जण समजतात. तसं नाही. युरोपच्याच अन्नसुरक्षा संस्थेनं २००५ साली अशी चार रसायनं तपासली आणि ठरल्या प्रमाणात वापरली तर खाणाऱ्याला धोका दिसत नाही, असं मत दिलं. तरीही डिसेंबर २००८ मध्ये युरोपच्या कृषिमंत्र्यांनी बंदी उठवायला नकार दिला. युरोपचं म्हणणं असं, की शेवटी धुऊन काढता येतं म्हटलं की शेडपासून कत्तलखान्यापर्यंतचा गलथानपणा झाकला जातो. अमेरिकेचं म्हणणं असं, की जंतू कमी होतात ना? मग अपाय होतो याचा पुरावा दाखवा.

जानेवारी २००९ मध्ये अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे गेली. निवाडा मंडळ मंजूर झालं, पण त्यावर माणसंच नेमली गेली नाहीत आणि निकाल लागलाच नाही. पुढं अमेरिकेतल्या बहुतेक कारखान्यांनी क्लोरीन सोडून पेरासिटिक आम्ल धरलं. युरोपची बंदी मात्र उठली नाही.

स्वीडननं काय केलं?

१९५३ साली स्वीडनमध्ये आल्व्हेस्टा इथल्या कत्तलखान्यातल्या मांसातून सालमोनेला पसरला. हजारो माणसं आजारी पडली, सुमारे ९० दगावली. त्यानंतर १९६१ पासून तिथं या जंतूवर सरकारी नियंत्रण आलं. कोंबड्यांच्या कळपांची तपासणी सुरू झाली आणि जंतू सापडला की कळप नष्ट करायचा, अशी शिस्त बसली. १९९५ साली स्वीडन युरोपीय संघात गेला, तेव्हा बाहेरून येणाऱ्या कोंबडीच्या मांसाला सालमोनेला तपासणीचा दाखला मागण्याचा खास हक्क त्याला मिळाला. आपल्या घरी जंतू ताब्यात आहे, हे त्याला वर्षानुवर्षांच्या तपासणीवरून दाखवता आलं.

आपल्या दारची गोष्ट

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिलीच नोंद. लाखो पक्षी मारावे लागले आणि कोंबडीपालक रस्त्यावर आले. पुढं ज्या देशात बर्ड फ्लू निघेल, त्या अख्ख्या देशाचा कोंबडीचा माल भारतानं बंद केला. २०१२ साली अमेरिकेनं त्याविरुद्ध तक्रार केली. हा वाद धुण्याचा नव्हता, रोगाचा होता. पण कायदा तोच. १९९५ पासून लागू झालेल्या करारानुसार प्रत्येक देशाला माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य जपायचा हक्क आहे, मात्र नियमाला शास्त्रीय आधार हवा. २०१४ मध्ये आणि अपिलात जून २०१५ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. धोक्याचं रीतसर मूल्यमापन नव्हतं, आणि रोग एका भागात असताना सगळा देश बंद केला, हे मुख्य आक्षेप. सप्टेंबर २०२३ मध्ये हा वाद समजुतीनं मिटला.

हाच नियम उद्या आपल्याही उपयोगी पडू शकतो. एका तालुक्यात रोग निघाला म्हणून सबंध देशाचा माल अडवू नका, असं आपणही म्हणू शकतो. पण बाकीचा भाग रोगमुक्त आहे, हे दाखवायला तपासणी आणि नोंदी लागतील. त्यांची सुरुवात आपल्या शेडवरच होते.

आपण काय करावं?

१. पक्षी कापण्याआधी एकूण ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवावं, पाणी चालू ठेवावं. आतडी रिकामी राहतात आणि मांसाला विष्ठा लागण्याची भीती कमी होते.

२. प्रतिजैविक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानंच द्यावं. औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंत जितके दिवस सोडायला सांगितले असतील, तितके सोडावेतच. कोलिस्टिन हे औषध जुलै २०१९ पासून कोंबड्यांना द्यायला बंदी आहे.

३. पिल्लं कधी आली, लस कधी दिली, औषध कोणतं, मर किती, हे रोजच्या रोज वहीत लिहावं.

४. मेलेले पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. खोल खड्डा घेऊन वर चुना टाकून पुरावेत.

५. एकाएकी मर वाढली तर लपवू नये. पक्षी विकू नयेत, पुरण्याची घाई करू नये, हात लावू नये. ताबडतोब जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.