उरणचे मुकरी आणि गोव्याच्या दोन बस

चिरनेर म्हटलं की २५ सप्टेंबर १९३०चा जंगल सत्याग्रह आणि अक्कादेवीच्या डोंगरावरचा गोळीबार आठवतो. तो आठवायलाच हवा. पण चिरनेर ज्या उरण तालुक्यात आहे, त्या उरणने हिंदी सिनेमाला एक हसरा चेहराही दिला, तो आपण विसरत चाललो आहोत. मुहम्मद उमर मुकरी. जन्म १९२२, कोकणी मुस्लिम घर. शाळेतले सोबती दिलीपकुमार. १९४५च्या ‘प्रतिमा’पासून पडद्यावर.

हेच मुकरी १९७२च्या ‘बॉम्बे टू गोवा’च्या बसमध्ये प्रवासी आहेत. मूळ कथा १९६६च्या ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या तमिळ चित्रपटाची. खून पाहिलेली मुलगी बसमध्ये चढते आणि गुंड पाठलागावर निघतात, एवढंच कथानक. बराचसा सिनेमा एका बसमध्येच घडतो. कंडक्टर मेहमूद, ड्रायव्हर त्यांचा भाऊ अन्वर अली. मेहमूद यांनी उमेदवारीच्या काळात दिग्दर्शक पी. एल. संतोषी यांची गाडी चालवली होती. चाकावर पोट असलेल्या माणसाची ऐट आणि वैताग त्यांना शिकावा लागला नाही.

२००७ साली ‘जर्नी बॉम्बे टू गोवा’ आला. बजेट लहान, दिग्दर्शक राज पेंडुरकर. टीव्हीच्या हास्यस्पर्धेतून नाव कमावलेले सुनील पाल, राजू श्रीवास्तव, अहसान कुरेशी. माणसं गुणी, पण सिनेमाने निराशाच केली. जो तो आपला स्टेजवरचा आयटम करून बाजूला होतो. बस धावते, पण आतल्या कोणाचंच काही बरंवाईट होईल असं वाटत नाही. मग पाठलागाला हसायचं कशासाठी?

दोष कमी पैशांचा नाही. पाठलाग गाड्यांचा दिसतो, पण प्रेक्षक धावतो तो आतल्या माणसांसाठी. १९७२च्या बसमध्ये ललिता पवारांची काशीबाई होती, झोपाळू केष्टो मुखर्जी होते, अजून ‘जंजीर’ न लाभलेला अमिताभ होता आणि आपले मुकरी होते. प्रांत वेगळे, भाषा वेगळ्या, धर्म वेगळे. भांडणं झाली, पण खाली उतर असं कोणी कोणाला म्हटलं नाही.

पनवेलहून गोव्याकडे जाणारा महामार्ग चिरनेरच्या पूर्वेकडूनच जातो. मुकरी ४ सप्टेंबर २००० रोजी गेले. सत्याग्रहाच्या हुतात्म्यांना दरवर्षी मानवंदना मिळते, ती मिळत राहावी. उरणच्या या विनोदवीराची निदान ओळख तरी तालुक्यातल्या शाळांतल्या मुलांना करून द्यायला काय हरकत आहे?