ऑइल फिल्टर (मोटारगाडी)

ऑइल फिल्टर (तेलगाळणी) हा अंतर्ज्वलन इंजिनातील वंगणतेलातून धातूचे कण, धूळ, काजळीचे गोळे आणि तेलाच्या विघटनातून तयार होणारा गाळ वेगळा करणारा भाग असून तो ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो. मोटारगाड्यांत त्याचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. स्पिन-ऑन प्रकारात पत्र्याच्या बंद डब्यासह संपूर्ण फिल्टर आट्यांवर फिरवून बसवला जातो. कार्ट्रिज प्रकारात इंजिनावरील कायमच्या कवचातील केवळ गाळणी बदलली जाते. स्पिन-ऑन फिल्टरचा कस लावणारे जवळजवळ सर्व भाग डब्याच्या आत असल्यामुळे त्याची गुणवत्ता बाहेरून कळत नाही. रंग, वजन किंवा किंमत यांवरून बांधलेला अंदाज अनेकदा चुकतो.

पार्श्वभूमी

आरंभीच्या मोटारींत तेल गाळण्यासाठी पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी असे. ती फक्त मोठे कण अडवी. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनवुड यांनी १९२३ च्या सुमारास मोटारीसाठी तेलाचा फिल्टर विकसित केला. त्याला दिलेले ‘प्युरोलेटर’ हे नाव ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांच्या संक्षेपातून आले. त्या काळचे फिल्टर आंशिक प्रवाहाचे होते, म्हणजे पंपातून निघणाऱ्या तेलाचा थोडाच भाग त्यांतून जाई आणि उरलेले तेल न गाळताच धारव्यांकडे (बेअरिंगकडे) पोहोचे. पुढे सर्व तेल आधी फिल्टरमधून नेणारी पूर्णप्रवाही पद्धत रूढ झाली व १९५० च्या दशकाच्या मध्यास स्पिन-ऑन फिल्टर बाजारात आला.

पूर्णप्रवाही पद्धतीने फिल्टरवरची जबाबदारी वाढवली. आंशिक प्रवाहाचा फिल्टर तुंबला तरी इंजिनाला तेल मिळत राही. पूर्णप्रवाही फिल्टर तुंबला आणि त्याला पर्यायी वाट नसली, तर धारवे कोरडे पडतात. आजच्या फिल्टरमधील झडपांचे महत्त्व यातूनच आले आहे.

अंतर्गत रचना

पंपाकडून येणारे तेल तळपट्टीच्या कडेवरील लहान छिद्रांतून डब्यात शिरते, घड्या घातलेल्या वलयाकार कागदातून बाहेरून आत जाते आणि मधल्या छिद्रित नळीतून आट्यांच्या भोकावाटे इंजिनात परतते. मधली नळी कागदाला आतून आधार देते. थंड इंजिन सुरू करताना घट्ट तेलाचा दाब एकदम वाढतो, तेव्हा ही नळी कच्ची असेल तर ती आत चेपते. नळीला गोल छिद्रांऐवजी खापा पाडून वाट काढण्याचीही पद्धत आहे. त्या नीट उघडलेल्या नसतील तर तेलाला जाण्यास जागा कमी राहते. उत्पादनातील साच्याची झीज हे याचे एक कारण असते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फिल्टरांतही फरक सापडू शकतो.

गाळण माध्यम

सर्वांत प्रचलित माध्यम म्हणजे रेझीन मुरवलेला सेल्युलोजचा कागद. सेल्युलोजचे तंतू जाड व अनियमित असतात. काच किंवा कृत्रिम धाग्यांचे तंतू बरेच बारीक असल्याने त्याच जाडीच्या थरात अधिक छिद्रे मिळतात व कणही अधिक साठतात. त्यामुळे महागड्या फिल्टरांत पूर्ण कृत्रिम किंवा मिश्र माध्यम वापरतात. असे माध्यम स्वतः लवचीक असल्याने त्याला अनेकदा तारेच्या जाळीचे अस्तर देतात. कमी अंतराच्या फेऱ्यांमुळे तेलात पाणी साठते आणि दीर्घकाळ उष्णता लागते, अशा वापरात साधा कागद कृत्रिम माध्यमापेक्षा लवकर कमकुवत होतो.

घड्यांची संख्या मोजून दर्जा ठरवण्याची सवय फसवी आहे. गाळण्याचे क्षेत्रफळ घड्यांची संख्या, खोली व उंची या तिन्हींवर अवलंबून असते. ६ सेंटीमीटर उंचीच्या गाळणीत १.५ सेंटीमीटर खोलीच्या ५० घड्या असल्यास क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर भरते, १.२ सेंटीमीटर खोलीच्या ६० घड्या असल्यास ते ८६४ चौरस सेंटीमीटरच होते. शिवाय घड्या दाटीने बसवल्या तर शेजारच्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि कागदावरचे क्षेत्रफळ प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही. घड्यांमधील अंतर सारखे असणे, तसेच कागदाची दोन टोके जिथे जोडलेली असतात तो सांधा अखंड असणे, या बाबी संख्येहून महत्त्वाच्या आहेत.

टोप्या व आतील गळती

कागदाच्या वरच्या व खालच्या कडा धातूच्या, प्लास्टिकच्या किंवा दाबलेल्या तंतूंच्या टोप्यांना चिकटवलेल्या असतात. तंतूंची, म्हणजे बोलीभाषेत ‘पुठ्ठ्याची’, टोपी हा वाहनप्रेमींच्या वादाचा जुना विषय आहे. पुठ्ठा दिसला की फिल्टर हलका ठरवला जातो. तंतूंची टोपी मुळातच सदोष नसते. कागद तिला सर्व बाजूंनी चिकटलेला असेल आणि ती तापमान सोसणारी असेल, तर तिचे काम भागते. उलट धातूच्या टोपीत चिकटद्रव्य अपुरे पडले, तर घड्यांच्या टोकांशी फट राहते.

अशा फटीचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. एखाद्या आकाराचे ९९ टक्के कण अडवणारा कागद आहे, पण ५ टक्के तेल फटीतून न गाळता निसटते असे मानू. मग एकूण ९४ टक्के कणच अडतात, म्हणजे पलीकडे जाणाऱ्या कणांचे प्रमाण १ वरून जवळजवळ ६ टक्क्यांवर जाते. उत्तम कागदाचा बहुतेक लाभ एका फटीने नाहीसा होतो.

गाळणी डब्यात घट्ट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगचाही येथेच संबंध येतो. गोल वेटोळ्यांची स्प्रिंग भक्कम दिसते आणि पानाची स्प्रिंग किरकोळ वाटते. पण गाळणी तळाशी दाबून तेथील जोड बंद ठेवण्याइतका ताण मिळाला की दोन्ही चालतात.

झडपा

कागद तुंबल्यास किंवा तेल थंडीने घट्ट झाल्यास बायपास झडप उघडते व न गाळलेले तेल इंजिनाला मिळते. घाणेरडे तेल तेलाच्या अभावापेक्षा बरे, हे त्यामागचे तत्त्व. झडप फार कमी दाबफरकाला उघडली तर गाळणे वारंवार टळते, फार जास्त दाबफरकाला उघडली तर कागद फाटण्याची भीती असते. योग्य मूल्य इंजिनागणिक वेगळे असते. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्या ठोकळ्यातच असते, तेव्हा ती फिल्टरमध्ये नसणे हा दोष नव्हे.

इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील तेल पंपाच्या बाजूने परत उतरू नये म्हणून रबराची परतीरोधक झडप असते. ती नायट्राइल रबराची किंवा सिलिकोनची करतात. नायट्राइल स्वस्त असून उष्णतेने कालांतराने कडक होते. सिलिकोन अधिक काळ मऊ राहते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसणाऱ्या इंजिनांत या फरकाला विशेष महत्त्व आहे. झडप गळत असेल तर सकाळी इंजिन सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येते, कारण तेल आधी रिकामा फिल्टर भरते आणि मग धारव्यांपर्यंत पोहोचते. फिल्टर सरळ उभा, तोंड वर करून बसत असेल तर तेल उतरण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

डबा, आटे व गॅस्केट

डबा ओढकामाने बनवलेल्या पोलादी पत्र्याचा असतो आणि त्याची कड तळपट्टीवर दुमडून बंद करतात. जाड पत्रा दगडाचा मार व दाबाचे झटके अधिक सोसतो, परंतु गाळण्याशी त्याचा संबंध नाही. हातात जड लागणारा फिल्टर चांगलाच असेल असे म्हणता येत नाही.

आट्यांच्या बाबतीत मात्र चुकीला जागा नाही. अनेक जपानी व मारुती सुझुकी मोटारींना एम २० × १.५ आटे लागतात, तर अनेक अमेरिकी इंजिनांना पाऊण इंची (१९.०५ मिलिमीटर), इंचाला १६ आट्यांचे फिल्टर लागतात. एम २० आट्यांचा फिल्टर पाऊण इंची खुंटीवर सैलसर बसतो व घट्ट झाल्यासारखा भासतो. दाब चढल्यावर तो निसटून काही क्षणांत सर्व तेल सांडू शकते. जुन्या फिल्टरचे गॅस्केट इंजिनाला चिकटून राहणे आणि त्यावरच नवा फिल्टर चढवणे, हेही अशाच गळतीचे नेहमीचे कारण आहे.

चाचण्या व आकड्यांचा अर्थ

पूर्णप्रवाही तेल फिल्टरांसाठी आयएसओ ४५४८ ही मानकमाला आहे. तिच्या वेगवेगळ्या भागांत दाबफरक, बायपास झडप, दाबाचे झटके, फुटण्याचा दाब, कंपने इत्यादींच्या चाचण्या दिल्या असून १२ व्या भागात कण मोजून कार्यक्षमता व घाण साठवण्याची क्षमता काढतात. फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या कणसंख्येच्या गुणोत्तरास बीटा गुणोत्तर म्हणतात. बीटा २ म्हणजे ५० टक्के, २० म्हणजे ९५ टक्के व १०० म्हणजे ९९ टक्के कार्यक्षमता. म्हणून ‘१० मायक्रॉनचा फिल्टर’ या नुसत्या वर्णनाला अर्थ नाही. १० मायक्रॉनचे किती टक्के कण, हे सांगावे लागते. ‘९९ टक्के’ हा आकडाही २० मायक्रॉनला आहे की ३० ला, यावरून चित्र पालटते.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनरल मोटर्सच्या एका शोधनिबंधात, ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने झीज सुमारे ५० टक्के व १५ मायक्रॉनच्या गाळणीने सुमारे ७० टक्के घटल्याचे नोंदवले आहे. ती चाचणी तेलात मुद्दाम धूळ मिसळून केलेली होती; हवेचा फिल्टर ठीक असलेल्या रोजच्या गाडीत इतका फरक अपेक्षू नये. कार्यक्षमता, साठवणक्षमता व कमी प्रवाहरोध ही तिन्ही उद्दिष्टे परस्परांना ताणतात. एकाच आकाराच्या डब्यात कागद अधिक बारीक केला की तो लवकर तुंबतो.

कापून पाहणी

वापरलेला फिल्टर कापून पाहणे हा तुलनेचा सर्वांना जमणारा मार्ग आहे. त्यासाठी डब्याची दुमड कापणारे चाकाचे हत्यार वापरतात. लोखंड कापायच्या करवतीने पत्र्याचा कीस आत पडतो व तो इंजिनातून आल्याचा भास होतो. दट्ट्याच्या विमान इंजिनांत प्रत्येक तेलबदलाच्या वेळी फिल्टर कापून घड्यांतील धातूचे कण तपासण्याचा प्रघात आहे. कापलेल्या फिल्टरमध्ये फाटलेली घडी, सुटलेली टोपी, चेपलेली नळी व कडक झालेली झडप डोळ्यांना दिसते. कार्यक्षमता मात्र दिसत नाही. तिला प्रयोगशाळाच लागते.

बनावट फिल्टरांची ओळखही बऱ्याचदा याच मार्गाने पटते. खोका, रंग व छपाई हुबेहूब असते, पण आतला कागद तोकडा असतो किंवा रबरी झडप नुसती नावापुरती असते. तळपट्टीच्या छिद्रांतून आत डोकावल्यास निदान परतीरोधक झडप आहे की नाही एवढे विकत घेण्यापूर्वीही दिसू शकते.

कार्ट्रिज फिल्टरमध्ये डबा टाकून द्यावा लागत नाही, हे १९९० च्या दशकापासून युरोपीय निर्मात्यांनी तो पुन्हा स्वीकारण्यामागचे एक कारण आहे. त्याच्या तुलनेत माध्यम, टोप्या व सोबतचे रबरी कडे एवढेच पाहायचे असते, कारण झडपा सहसा इंजिनावरील कवचातच असतात. भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांखाली येते. जुना फिल्टर टाकण्यापूर्वी तो उलटा ठेवून त्यातील तेल पूर्ण निथळू देतात.